रोडोबाची कुंडी

माझा मामा गवंडी होता, आणि गवंड्यांतही गिलावा करणारा. वीट कुणीही रचो, भिंतीवरचा शेवटचा हात त्याचाच असायचा. त्याने केलेल्या भिंतीवर तळहात टेकवून या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला, तरी तो कुठे अडखळत नसे. कामावर त्याला सगळे ‘ओळंबा’ म्हणत. भिंत सरळ उभी आहे का ते बघायला दोरीच्या टोकाला जे वजन बांधतात, ते. मामा तसाच होता, सरळ आणि गप्प.

त्याच्या स्वतःच्या घरात मात्र एका जागी त्याला बंदी होती. ती जागा म्हणजे बाल्कनी.

तिसऱ्या मजल्यावरची, जेमतेम चार पावलांची ती बाल्कनी मामीची होती. मामी गावाबाहेरच्या एका रोपवाटिकेत अकरा वर्षं कामाला होती. दिवसभर पिशव्या आणि कुंड्या भरायच्या, रोपं बदलायची. जी रोपं वेडीवाकडी वाढत, ती शेडमागच्या ढिगावर फेकून देत. त्या ढिगावरून एका संध्याकाळी मामीने ऱ्होडोडेंड्रॉन नावाचं एक फुलझाड उचललं, एप्रनमध्ये गुंडाळलं आणि बसमध्ये मांडीवर घेऊन घरी आणलं. एका बाजूने ते पार टकलं होतं. मामीने ती बाजू चार वर्षं उजेडाकडे केली, आणि पाचव्या वर्षी कुठली बाजू टकली होती हे तिलाही सांगता येईना.

मामाला ते नाव कधी जमलं नाही. दोनदा प्रयत्न करून तिसऱ्यांदा तो हात वर करायचा.

“तुमच्या जिभेवर सिमेंट सांडलंय का हो?” मामी विचारायची.

“एवढं लांबलचक नाव झाडाला? माणसांना नसतं.” आणि त्याने परस्पर बारसं करून टाकलं. रोडोबा. पुढे मामीही तेच म्हणायला लागली, मीही. संध्याकाळी उशीर झाला की मामा काचेच्या दाराशी येऊन विचारायचा, “रोडोबांचं जेवणखाण उरकलं का? मग आमच्याकडेही बघा जरा.”

रोडोबाचे नखरे पुष्कळ होते. आमच्या नळाचं पाणी जड, किटलीत आठवड्याला पांढरा थर धरायचा. ते पाणी त्याला चालत नसे, पावसाचंच लागे. म्हणून मामाने छपरावरून येणारा नळ मध्येच कापून त्याखाली एक पिंप बसवलं. घरमालक तणतणत वर आला. मामाने कापलेल्या जागेभोवती असा काही गिलावा केला की आठवड्याने तोच मालक पुन्हा आला आणि म्हणाला, “हे कुणी केलं? माझ्या जिन्याचंही करून द्याल का?” दुपारचं ऊन समोरच्या इमारतीवरून परतून यायचं, तेव्हा रोडोबाचा प्लास्टिकचा टब सावलीत सरकवता यावा म्हणून मामाने त्याखाली चाकांचा पाटही करून दिला होता. बाल्कनीसाठी त्याने सगळं केलं, फक्त बाहेरून. आत पाऊल नाही.

कामावरून तो भुवयांपर्यंत पांढरा होऊन यायचा. जिन्यात पावलं वाजली की आतून मामीचा आवाज, “तिथेच थांबा! आधी शर्ट. ती पांढरी धूळ माझ्या झाडांवर नको.” तो मुकाट्याने मोरीत जायचा, हातपाय धुऊन शर्ट बदलायचा, चहाचा कप घेऊन काचेपर्यंत यायचा आणि तिथेच उभा राहायचा. धुतल्यावर आत जायला हरकत नव्हती, पण सवयच तशी पडली होती. मामी पाठमोरी, सुकलेली फुलं खुडत असायची. दिवसभराचं सगळं ती त्याला न वळता सांगायची. मला ती दोघं आठवतात ती अशीच, मध्ये काच ठेवून.

शेवटच्या उन्हाळ्यात मामी आजारी होती. दोन पायऱ्या चढली तरी धाप लागायची, तरी पाण्याचा झारा ती दुसऱ्या कुणाला उचलू देत नसे. उन्हाळा सरता सरता मी गेले, तेव्हा ती स्टुलावर बसून रोडोबाच्या फांद्यांची टोकं बोटाने मोजत होती. प्रत्येक टोकावर एकेक कळी, फुगीर आणि खवल्याखवल्यांची, अगदी घट्ट मिटलेली.

“सतरा,” ती म्हणाली. “ह्या पुढच्या वसंतातल्या बरं का. हे झाड आत्ताच सगळं ठरवून ठेवतं. या उन्हाळ्यात पाणी चुकलं असतं ना, तर पुढच्या वर्षी एक फूल आलं नसतं. आता नुसतं सांभाळायचं.”

“मग झालंच की. वसंतात बघायचं,” मी म्हणाले.  झाऱ्यात उरलेलं पाणी तिने दुसऱ्या कुंडीत रिकामं केलं.

दवाखान्यात मामा तिच्या उशाशी बसून असायचा. औषधांचं, सलाइनचं बोलणं संपलं की मामी घराकडे वळायची. एकदा माझ्यादेखत म्हणाली, “अहो, टबाला तडा गेलाय. थंडीच्या आधी रोडोबाला मोठं भांडं बघा. आणि पाणी पिंपातलंच घाला. नळाचं नको हं.”

“बघतो,” मामा म्हणाला.

दवाखान्यातल्या बाराव्या दिवशी ती गेली.

त्यांचा मुलगा लांबच्या शहरात नोकरीला. तो आला, पंधरा दिवस राहिला, बापाला बरोबर चल म्हणाला आणि एकटाच परत गेला. “वसंतापर्यंत नाही हलत,” एवढंच मामाने त्याला सांगितलं. मला कारण कळलं ते नंतर, एका रविवारी. मी चहा करत होते. मामा काचेच्या दाराशी उभा होता, धुतलेला शर्ट घालून. काम त्याने सोडून दिलं होतं, अंगावर पांढरा कण नव्हता, तरी आत जायच्या आधी तो शर्ट बदलत होता.

“सतरा आहेत,” तो काचेकडे बघत म्हणाला. “तिने पाणी घातलेल्या.”

त्या दिवसापासून मामा त्या सतरा कळ्यांसाठी जगत होता, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही.

भांड्याचा शोध सुरू झाला. मी त्याला दुकानात घेऊन गेले. तो एकेका कुंडीवर बोटाच्या पेराने टकटक करत पुढे सरकला.

“ही पोकळ. ही तर कागदाचीच. भाचेबाई, ही बघ, हिचा काठ बघ. एक डोळा झाकून बघ. सरळ आहे?”

“मामा, कुंडी आहे ती. भिंत नाही.”

“काठ तो काठ.”

दुकानदार आमच्याकडे बघायला लागला, तेव्हा आम्ही बाहेर पडलो. वाटेत मामा म्हणाला, “चाळीस वर्षं लोकांची घरं केली मी. तिने एक भांडं मागितलं, तर ते विकत आणू?”

इमारतीच्या तळघरात, सायकलींच्या बाजूला, त्याने काम मांडलं. साचा केला, तारेची जाळी वाकवली, सिमेंट ओतलं. खाली पाणी जायला पाच भोकं, जमिनीपासून वर राहावं म्हणून तीन बुटके पाय. साचा काढल्यावर तीन आठवडे रोज पाणी मारलं. मी एकदा अभ्यासाची वही घेऊन तिथे पायरीवर बसले होते. घासण्याचा एकसारखा आवाज आणि मामाचा श्वास, एवढंच ऐकू येत होतं. बाहेरून त्याने चुन्याचा बारीक थर दिला होता आणि गुळगुळीत दगडाने तो घोटत होता. थर चमकायला लागला. त्यात खिडकीचा चौकोन दिसायला लागला. मग त्याने कुंडी आडवी केली, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि आतूनही तसाच थर द्यायला सुरुवात केली.

“आतून कशाला रे? माती भरल्यावर कोण बघणार आहे?”

“मुळं बघतील ना,” मामा आतून म्हणाला. आवाज घुमला.

त्याच्या हातून मी पाहिलेलं सगळ्यात देखणं काम ते.

झाड हलवलं त्या दिवशी मी खोड धरलं होतं. टब कापून काढला तेव्हा आत मातीपेक्षा मुळंच जास्त होती, केसांसारखी बारीक आणि एकमेकींत गुंतलेली. मामीने सांगितलेलं मामाने काही विसरलं नव्हतं. खोड आधी होतं तेवढंच वर ठेवायचं, खोल पुरायचं नाही. माती दाबायची नाही. वरून पाइनच्या वाळलेल्या, सुईसारख्या पानांचं पांघरूण. रोपवाटिकेची जुनी पिशवी शिल्लक होती, तीच माती त्याने वापरली. आणि भरण्याआधी त्याने कुंडी चार वेळा ओल्या फडक्याने पुसली. प्रत्येक वेळी फडकं माझ्यासमोर धरलं.

“बघ. आहे धूळ? तिला धूळ चालायची नाही.”

नव्हती. मी लहान असताना मामी म्हणायची, “हे आंबट मातीतलं झाड आहे.” तो शब्द माझ्याकडे होता. बाकी सगळ्यासारखा तोही मी जपून ठेवला होता, त्याचा अर्थ काय असेल हे कधी न विचारता. त्या दिवशी माझे दोन्ही हात त्या खोडाला होते आणि तो शब्द मला आठवलासुद्धा नाही.

थंडी पडली. एका सकाळी मामाचा फोन आला, आवाज फाटलेला. “पानं मिटलीत. विडीसारखी गुंडाळली गेलीत सगळी.”

“मामा, कडाक्याच्या थंडीत ती तशीच होतात. मामी म्हणायची, झाड कान पाडून बसलंय. ऊन आलं की उघडतील.”

उघडली. संध्याकाळी त्याचा पुन्हा फोन आला, “कान वर केले,” एवढंच सांगायला.

पुढचा फोन थंडीच्या शेवटी आला.

“सोळा,” मामा म्हणाला.

एक कळी तपकिरी होऊन त्याच्या हातात आली होती. मग फोन वाढले. “चौदा.” “बारा.” हॅलो नाही, काही नाही. मी गेले तेव्हा पानं पिवळी पडली होती, नुसत्या शिरा हिरव्या, जाळीदार. मामाने कुंडी चाकांवरून उजेडात नेऊन पाहिली होती, परत सावलीत आणली होती. गळलेल्या कळ्या त्याने खिळ्यांच्या डबीत ठेवल्या होत्या. रिकाम्या बाल्कनीला विचारावं तसं तो बोलला, “माझ्या हातून काय चुकतंय गं?”

मी एक पान तोडून पाकिटात घातलं आणि मामीच्या रोपवाटिकेत गेले.

तिथल्या मालकीणबाई मामीच्या मैत्रीण. चष्मा दोरीने गळ्यात लटकवलेला, नखांत माती. पान त्यांनी उजेडाकडे धरलं, पण बघितलं न बघितल्यासारखं करून लगेच खाली ठेवलं.

“पाणी नळाचं घालतोय का तो?”

“नाही. पिंपातलं. स्वतः गाळून.”

“राख, अंड्याची टरफलं, असलं काही?”

“काही नाही.”

“मग चुना येतोय कुठून?” त्या पुटपुटल्या. “हे झाड आंबट मातीत जगतं बाळ. चुना म्हणजे त्याला विष. कुंडी कसली आहे?”

मी सांगितलं. सिमेंटची, मामाने केलेली. बाहेरून चुन्याने घोटलेली, आणि आतूनही.

बाईंनी चष्मा डोळ्यांवरून काढला आणि छातीवर सोडून दिला. बराच वेळ त्या समोरच्या ट्रेमधली रोपं नुसती नीट करत राहिल्या.

“आतूनही,” त्या म्हणाल्या. “अगं, मग रोज पाणी घातलं की तो थर थोडा थोडा मातीत उतरतोय. ती त्याला बाल्कनीत येऊ देत नसे, ते याचसाठी. कपड्यांवरून कुंड्यांत झडेल म्हणून.”

“तो समजायचा, पानांवर धूळ बसते म्हणून.”

“तिने कधी सांगितलं नाही?”

“त्याने कधी विचारलं नाही.”

त्यांनी एक काळी प्लास्टिकची कुंडी आणि मातीच्या दोन पिशव्या काढून दिल्या. “बाहेरची मुळं गेली असतील तेवढी कापा. झाड ओढू नका, मुळं भिंतीला चिकटली असतील, फाटतील. जगेल बहुतेक. कळ्यांचं मात्र त्याला काही सांगू नकोस.”

“आणि कुंडीचं?”

“ते तर सांगावंच लागेल. नाहीतर तो झाड बाहेर काढायचा कशाला?”

बसमध्ये ती काळी कुंडी मांडीवर घेऊन मी वाक्यं जुळवत राहिले. सगळी मऊ करून पाहिली. काही उपयोग झाला नाही. मामाने दार उघडलं, माझ्या हातातल्या कुंडीकडे बघितलं आणि विचारलं, “ही कागदाची कशाला आणलीस?”

मी सांगितलं. उभ्या उभ्याच सांगितलं.  माझं संपल्यावर त्याने विचारलं.

“आतला थर?”

“हो.”

“तो दिला नसता तर?”

“सिमेंटनेही झालं असतं मामा. थोडं उशिरा.”

हे खरंही होतं, पण मी ते त्याच्यासाठी म्हटलं हे त्याला कळलं. तो खुर्चीवर बसला. आपले तळहात त्याने उलटे करून पाहिले, मग सुलटे. “म्हणजे धूळ नव्हती ती,” तो म्हणाला. “इतकी वर्षं मी शर्ट बदलत राहिलो आणि मला वाटायचं, बायको टापटिपीची आहे.”

 मग उठला, मोरीत जाऊन शर्ट बदलून आला आणि छिन्नी-हातोडी आणि पक्कड घेऊन बाल्कनीत गेला.

मामाने स्वतःचं काम कधी फोडलं नव्हतं, असं तो नेहमी सांगायचा. इतरांची वाकडी कामं त्याने फोडली होती, पण स्वतःचं नाही. मला वाटलं, तो रागाने घाव घालेल. त्याने काठावर छिन्नी टेकवली आणि इतक्या हलक्या हाताने ठोकायला लागला, की खालच्या मजल्यावरही आवाज गेला नसेल. एक चीर गेली. त्याने कुंडी चाकांवर थोडी फिरवली, दुसरी चीर. आतली तार पकडीने कापून एकेक तुकडा सुटा झाला की तो आधी बोटाने आतून मुळं सोडवायचा, मग तुकडा माझ्या हातात द्यायचा. आतल्या थरावर मुळांचे ठसे उमटलेले होते, अगदी बारीक रेषा, आणि त्यांच्या टोकांशी मुळं काळी पडलेली. थराची चकाकी अजून तशीच होती. संपायला दोन तास लागले. मी काळ्या कुंडीत नवी माती भरली, आम्ही दोघांनी झाड आत ठेवलं. त्या प्लास्टिकवर रोपवाटिकेचा शिक्का होता आणि काठ एका बाजूने दबलेला होता. मामाने काठाकडे बघितलं आणि वरची माती सारखी केली.

“नऊ,” त्या रात्री फोन आला. मग पाच. मग दोन. मग बरेच दिवस फोनच नाही.

वसंत आला, तेव्हा एक कळी उघडली. भिंतीकडच्या बाजूची, खालच्या फांदीची. आधीच्या वर्षी ही फुलं गडद गुलाबी होती, मुठीएवढा गुच्छ असायचा. हा गुच्छ लहान होता, रंगही पाण्यात विरघळल्यासारखा. पण उघडला होता. मामाने खुर्ची आत नेऊन ठेवली होती आणि अकरा दिवस तो तिथे बसला. आता मध्ये काच नव्हती आणि पलीकडे मामीही नव्हती.

बाराव्या दिवशी मी गेले तेव्हा पाकळ्या सुकून लोंबत होत्या.

“खुडायला हवं ना हे?” मामाने विचारलं. उत्तर त्याला माहीत होतं. मामी इतकी वर्षं त्याच्यादेखत तेच करत होती. सुकलेलं फूल ठेवलं तर झाड सगळा जीव बी धरण्यात घालवतं, आणि पुढच्या वर्षीच्या कळ्यांना काही उरत नाही. देठ दोन बोटांत धरून बाजूला वाकवायचा, तो टकन सुटतो. फक्त सांभाळायचं एवढंच की त्याच्या अगदी खाली नवे कोंब असतात, ज्वारीच्या दाण्याएवढे. ते मोडले तर ती फांदी गेली.

“राहू दे की दोन दिवस,” मी म्हणाले.

“तिने नसतं राहू दिलं.”

तो गुडघ्यांवर बसला. देठापर्यंत बोटं नेली आणि थांबला. पुन्हा नेली, पुन्हा थांबला.

“मला कोंब लागत नाही हाताला,” तो म्हणाला. “चुन्याने खाल्लीत बोटं. काही कळत नाही यांना.”

मी शेजारी बसले आणि त्याचं बोट धरून खाली नेलं. पेरावर रेषा अशा उरल्याच नव्हत्या, त्याच्या भिंतीसारखं गुळगुळीत. “इथे एक कोंब आहे. हा दुसरा. याच्या वर धर.”

“इथे?”

“आणखी वर. हं. आता वाकव.”

टकन आवाज झाला. खाली दोन्ही कोंब शाबूत होते. मामाच्या तळहातावर तो चिकट, सुकलेला गुच्छ होता आणि तो कुठे ठेवावा हे त्याला सुचत नव्हतं. खिळ्यांची डबी भरलेली होती. शेवटी त्याने तो शर्टाच्या खिशात ठेवला, उठला, आणि पिंपातून झारा भरून आणला.

पाणी घालताना तो माझ्याकडे न वळता बोलायला लागला. मुलाचा फोन आला होता, वसंत संपला आता, कधी येताय म्हणून विचारत होता.

“मग काय सांगितलंस?”

मामाने झारा तिरका धरला, पाणी खोडापासून लांब, काठाकाठाने सोडत राहिला. मामी सोडायची तसंच.

“म्हटलं, उन्हाळ्यात पाणी चुकवून चालत नाही.”